‘काल’चा ‘काळ’ होऊ नये म्हणून : मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ऑटोकरेक्टला वेसण घालायची रीत

घरच्या ग्रुपवर आतेबहिणीनं विचारलं, "मोठ्या काकांचा वाढदिवस कधी असतो गं?" मी एसटीत उभी. एका हातात दांडा, दुसऱ्यात फोन. अंगठ्यानं इंग्रजी अक्षरांत उत्तर बडवलं, की काकांचा काल झाला. फोननं ‘काल’चा ‘काळ’ केला आणि निरोप गेला : "काकांचा काळ झाला." पुढच्या दहा मिनिटांत सावंतवाडीपासून बोरिवलीपर्यंत हलकल्लोळ. काकांच्या घरी तीन फोन गेले आणि तिन्ही काकांनीच उचलले.

ते हसण्यावारी गेलं. पण त्याच वर्षी माझ्या एका गोष्टीत असेच सात-आठ शब्द छापून आले, ते काही हसण्यावारी नेता आले नाहीत. मी गोष्टी लिहिते, संवाद बरेचसे मालवणी, आणि लिखाण बहुतेक फोनवरच होतं. तेव्हापासून चुकत-माकत जी घडी बसवली ती इथे क्रमानं देते. नव्यानं मराठी टाईप करायला लागला असाल तर एक रविवार सकाळ काढा. तेवढ्यात बरंचसं होतं.

हाताशी काय हवं

- तुमचा फोन, आणि त्यावर जो कीबोर्ड आहे त्याची सेटिंग्ज. मी जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) वापरते, म्हणून रस्ते त्याचे सांगते. आयफोनचे जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगेन.
- संगणकावर लिहीत असाल तर वर्ड किंवा तसलंच काही.
- एक साधी वही. तुमच्या खास शब्दांची यादी यात राहील. वही का, ते पाचव्या पायरीत कळेल.
- साहित्य महामंडळाचे लेखनाचे १८ नियम, एका कागदावर. १९६२ मध्ये १४ झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. फोनला हे नियम ठाऊक असतील या भरवशावर राहू नका.

सेटिंग्जमधली नावं आवृत्तीगणिक थोडी सरकतात. मी सांगते तिथे एखादी गोष्ट नसेल तर आजूबाजूला बघा, असतेच.

१. तुम्ही टाईप कसं करता ते आधी ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनाभर सेटिंग्जशी झगडत बसतात.

मराठी टाईप करायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, इंग्रजी अक्षरं दाबायची आणि फोननं त्यांची देवनागरी करायची. दुसरा, थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. बहुतेक सगळे पहिल्या रस्त्यानं जातात, कारण शिकावं काही लागत नाही. पण त्याची गोम अशी, की तुम्ही शब्द लिहीतच नसता. तुम्ही आवाजाचा इशारा देता आणि शब्द फोन निवडतो. के, ए, एल ही तीन अक्षरं दाबली की काल, काळ, कल, कळ असे चौघं रांगेत उभे राहतात. तुम्ही स्पेस दाबलीत की जो पहिला असेल तो घुसतो.

म्हणजे या रस्त्यावर ऑटोकरेक्ट बंद करून ‘काल’चा ‘काळ’ व्हायचा थांबत नाही. ती चूक दुरुस्तीतली नाही, निवडीतली आहे. इंग्रजीत ल आणि ळ एकाच अक्षरानं लिहितात, न आणि ण एकाच, त आणि ट एकाच. मराठीत तिथे अख्खा अर्थ बदलतो. वेळ आणि वेल, मूळ आणि मूल, माळ आणि माल. यातला कुठलाही शब्द चुकीचा नाही, म्हणून खाली लाल रेघही येत नाही. चुकीचा शब्द डोळ्यांत खुपतो. बरोबर शब्द चुकीच्या जागी बसला, की तो छापून आल्यावरच दिसतो.

माझं मत विचाराल तर निरोपानिरोपी इंग्रजी अक्षरांतून चालेल, पण ज्यावर तुमचं नाव छापून येणार ते थेट देवनागरीतून लिहा. फोनवर जीबोर्डचाच देवनागरी आराखडा घ्या. संगणकावर इन्स्क्रिप्ट शिका. ती मांडणी १९९१ च्या भारतीय मानकातली आहे आणि विंडोजमध्ये आधीपासून असते, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. ‘र’च्या बटणावर शिफ्ट धरली की ऱ, ‘ल’च्या बटणावर शिफ्ट धरली की ळ. मला हात बसायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा रडकुंडीचा होता, हे लपवत नाही. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. पण तिथे पुन्हा तेच, निवड यंत्राची.

२. कीबोर्डांची गर्दी कमी करा

जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’ उघडा आणि काय काय भरून ठेवलंय ते बघा. बहुतेकांच्या फोनवर हिंदी असतं, कधी टाकलं तेही आठवत नाही. पृथ्वीगोलाचं बटण चुकून दाबलं जातं, लिपी तीच असल्यानं कळत नाही, आणि मग ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘कोण’ला ‘कौन’ सुचवायला लागतं. पूर्णविरामाच्या जागी उभा दंड आला तर नव्वद टक्के समजा, तुम्ही हिंदीत शिरलाय. हिंदी लिहीत नसाल तर काढून टाका.

सापळा : मराठी जोडताना ‘मराठी लॅटिन’ नावाचाही एक पर्याय दिसतो. तो निवडलात तर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतच उमटतात, देवनागरी येतच नाही. माझ्या भाच्यानं आजोबांच्या फोनवर हाच लावून दिला होता. आजोबा दोन महिने समजत होते, की फोनलाच मराठी येत नाही.

३. दुरुस्ती बंद, सूचना चालू

आता ‘टेक्स्ट करेक्शन’मध्ये जा. काही फोनवर याचंच नाव ‘करेक्शन्स अँड सजेशन्स’ आहे. तिथे ‘ऑटो-करेक्शन’ बंद करा. वरची सूचनांची पट्टी मात्र राहू द्या. आयफोनवर हे ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘कीबोर्ड’ या वाटेनं सापडतं.

दोन्ही एकच समजून लोक एकतर सगळं ठेवतात नाहीतर सगळं बंद करतात. पट्टी सुचवते, तुम्ही नाही म्हणू शकता. ऑटोकरेक्ट विचारत नाही. लिहिणाऱ्या माणसाला विचारणारा गडी परवडतो, परस्पर करणारा नाही.

पुढचा शब्द सुचवणारी सोय ठेवायची की नाही, हे तुमच्या लिखाणावर आहे. ती चालते कशी, तर कुठल्या शब्दामागून कुठला शब्द जास्त वेळा येतो यावर. त्यामुळे ‘भावपूर्ण’ लिहिलं की ‘श्रद्धांजली’ तयार, ‘हार्दिक’ लिहिलं की ‘शुभेच्छा’. पत्रव्यवहाराला हे झकास. गोष्ट लिहिताना जीवघेणं. माझ्या गोष्टीत आवस झिलाक (आई मुलाला) दम देते, "मी तुका (तुला) सांगतंय..." मी ‘तुका’ लिहिलं की वर पट्टीवर ‘म्हणे’ हजर! चारशे वर्षांची पुण्याई त्या दोन शब्दांमागे आहे, फोनची काय बिशाद. पण कंटाळलेल्या संध्याकाळी बोट आपसूक पट्टीकडे जातं आणि तुमचं वाक्य सगळ्यांच्या वाक्यासारखं होतं. गोष्टीसाठी मी ही सोय बंद ठेवते. सोसायटीच्या नोटिसा लिहिताना चालू.

४. फोन जे चुकीचं शिकलाय ते विसरायला लावा

कीबोर्ड तुमच्याकडूनच शिकतो. तुम्ही घाईत चार वेळा ‘आणी’ लिहिलंत की त्याला वाटतं, बाईंना असंच हवंय. मग तोच तुम्हाला ‘आणी’ सुचवायला लागतो, आणि तुम्हाला वाटतं फोन म्हणतोय म्हणजे बरोबर असेल. मराठी शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ आणि ‘नि’ ऱ्हस्व, हा नियम त्या कागदावर आहे. एकदा बघून घ्या.

एखादाच शब्द छळत असेल तर पट्टीवर तो आला की दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या कचऱ्याच्या डब्याकडे ओढा. फारच घोळ असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा’ आहे. खात्रीसाठी तो एक आकडा टाईप करायला लावतो. आयफोनवर ‘रीसेट कीबोर्ड डिक्शनरी’. यानंतर आठवडाभर फोन अडाण्यासारखा वागेल. वागू द्या.

५. तुमचे शब्द त्याला तुम्ही द्या

जीबोर्डमध्ये ‘डिक्शनरी’, मग ‘पर्सनल डिक्शनरी’, मग मराठी, मग अधिकचं चिन्ह. इथे तुमच्या गावाचं नाव, आडनावं, पात्रांची नावं, बोलीतले शब्द भरायचे. मी खंय, माका, थंय, झील, चेडू, गजाली असे साठेक शब्द भरलेत. वऱ्हाडी लिहिणाऱ्यानं काहून, म्हून भरावेत. अहिराणीवाल्यांना मी काय सांगणार, पण त्यांचीही हीच रड असणार.

इथे मराठीची एक अडचण आहे, ती नीट समजून घ्या. इंग्रजीत नाव एकदा भरलं की काम झालं. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो, आणि चिकटण्याआधी शब्द स्वतःच बदलतो. पात्राचं नाव ‘भिकू’ भरलंत, तर ‘भिकूला’, ‘भिकूनं’, ‘भिकूच्या’ हे फोनच्या लेखी तीन अनोळखी इसम. म्हणून मुख्य पात्रांची चार-पाच रूपं एकदमच भरून टाका.

आणि रूपं भरताना त्याच्या सूचनेवर जाऊ नका. ‘वकील’ त्याला माहीत असतो, म्हणून तो पुढे प्रत्यय जोडून ‘वकीलाला’ पुढे करतो. बरोबर आहे ‘वकिलाला’. तसंच गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला. मूळ शब्दातला दीर्घ, सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, त्यांची वेलांटी हलत नाही : शरीर, शरीराला. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात.

आता वहीचं. नवा फोन घेतला तेव्हा माझे सगळे शब्द गेले. कुठेतरी सांभाळून ठेवायची सोय होती म्हणे, मी ती केली नव्हती. वहीतून पुन्हा भरले, अर्धा तास लागला.

६. लघुरूपं करा, पण सापाला जपून

त्याच डिक्शनरीत शब्दापुढे ‘शॉर्टकट’चा रकाना असतो. तिथे छोटं रूप दिलं की ते टाईप केल्यावर पूर्ण शब्द पट्टीवर येतो. जीबोर्डवर तो तुम्ही निवडायचा. आयफोनच्या ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’मध्ये आणि वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये तो स्पेस दाबताच आपोआप बसतो. हा फरक ध्यानात असू द्या.

मी वर्डमध्ये पत्रांसाठी ‘साप’ म्हणजे ‘सादर प्रणाम’ असं करून ठेवलं होतं. पुढे सहा महिन्यांनी गोष्टीत लिहिलं, "अंगणात सादर प्रणाम निघाला आणि म्हातारीनं काठी उचलली."

लघुरूप असं घ्या जे मराठीत शब्दच नाही. मी आता पुढे एक आकडा लावते : साप१, मनपा१. आकडा लागलेला शब्द गोष्टीत येत नाही.

७. वर्डवाल्यांसाठी

थोडक्यात सांगते, कारण फोनपेक्षा इथे छळ कमी आहे.

‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’. तिथली यादी एकदा वाचून काढा आणि नको ते उडवा. मजकुराची भाषा ‘रिव्ह्यू’मधून मराठी करून घ्या, नाहीतर तो मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या चष्म्यातून तपासत बसेल. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आजूबाजूच्या मजकुराप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलण्याचा एक पर्याय असतो. मराठी वाक्यात मधेच इंग्रजी नाव लिहायला गेलात आणि कीबोर्ड हातातून निसटल्यासारखा झाला, तर दोषी बहुधा हा. वर्डनं काही परस्पर बदललं तर लगेच कंट्रोल-झेड दाबा. तुमचा मूळ शब्द परत येतो, वाक्य जात नाही.

८. तीन अक्षरं, ज्यांच्याकडे स्वतः बघावं लागतं

पहिलं ऱ्य. आचार्यास म्हणजे गुरुजींना, आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. हिंदीला हा ऱ लागत नाही, त्यामुळे बऱ्याच साधनांना तो परका. वर त्याची एक छुपी भानगड आहे. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द तुम्हाला सारखेच दिसतील. पहिल्यात खरा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, त्याचा मोडलेला पाय आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. यंत्राला हे दोन वेगळे शब्द. एकाच लेखात दोन्ही असतील तर शोध घेताना निम्मे सापडतात, निम्मे राहतात. फोनवर लिहिलेलं आणि संगणकावर लिहिलेलं एकत्र केलं की हे हमखास होतं. एका फाइलमधला शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा, सगळीकडे दुसरा बसवा, आणि पुढे एकाच पद्धतीनं लिहा.

दुसरं ॲ. या अक्षराला युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र जोडून भागवत, अजूनही भागवतात. दिसायला तेच, आतून वेगळं. उपाय वरचाच.

तिसरा विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना विसर्ग सापडला नाही की आपण अपूर्णविराम ठोकतो : ‘दु:ख’. यंत्राच्या मते शब्द तिथेच संपला, म्हणून ‘दु’ आणि ‘ख’ अशा दोन अनाथ अक्षरांखाली लाल रेघा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून वजाचं चिन्ह दाबलं की खरा विसर्ग येतो.

९. पाठवण्यापूर्वी

लिहून झालं की तो मजकूर त्या दिवशी तपासू नका. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं, डोळा शब्द वाचतच नाही, आठवतो.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी करा. एक, तुमच्या घसरणाऱ्या जोड्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा आणि एकेक शब्द शोधून बघा. माझ्या पानावर काल-काळ, वेल-वेळ, मूल-मूळ, बाल-बाळ, कला-काळा, मला-मळा, कि-की आहेत. तुमचं पान वेगळं असेल. दोन, संवादांत ‘केलं, गेलं’ आणि निवेदनात ‘केले, गेले’ असं तुमचं ठरलं असेल, तर फोननं त्यांची सरमिसळ केलीय का बघा. पट्टीवर दोन्ही शेजारी असतात आणि बोट कुठेही पडतं. तीन, फोनला ते मोठ्यानं वाचायला लावा. अँड्रॉइडवर ‘सिलेक्ट टू स्पीक’ आहे, मराठी आवाजही आहे. तो यंत्रासारखा सपाट वाचतो, आणि म्हणूनच कामाचा आहे. भावनेच्या भरात शब्द सुधारून वाचत नाही. भाजी निवडत ऐकते मी. "त्याला यायला वेल लागला" ऐकू आलं की हातातली मेथी खाली.

१०. छापखान्याची शेवटची पायरी

आपल्याकडचे पुष्कळ अंक आणि छापखाने अजून जुन्या फॉन्टांत पानं लावतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे गेला की परिवर्तकातून, म्हणजे तो जुन्या फॉन्टात बदलणाऱ्या साधनातून जातो, आणि त्यात पहिला बळी ऱ्यचा. माझ्या गोष्टीत ‘सह्याद्रीच्या दऱ्यांत’ होतं, छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्यात’. मी ऑटोकरेक्टला शिव्या घातल्या, पण या वेळी तो बिचारा निर्दोष होता.

म्हणून मजकूर पाठवताना सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे मूळ काय होतं ते त्यांना दिसेल. पत्रात एक ओळ टाका : "मजकूर युनिकोडमध्ये आहे, परिवर्तनानंतर ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि विसर्ग कृपया पाहून घ्यावेत." बोलीभाषा असेल तर आणखी एक : "संवाद मालवणीत आहेत, प्रमाण करू नयेत." ही दुसरी ओळ मी आता ठळक अक्षरांत लिहिते. आणि लावलेल्या पानाची पीडीएफ मागून घ्या. दिवाळी अंकांची घाई गणपतीनंतर सुरू होते, तेव्हा कुणी आपणहून पाठवत नाही. मागितली की बहुतेक देतात. आली की आधी सगळे ऱ्य शोधा, बाकीचं मग वाचा.